जमीन स्वस्त, पाणी नाही

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरहून दक्षिणेला साधारण तीन-साडेतीन तास गाडी चालवली की ला व्हेटा घाट उतरताना सॅन लुईस खोरं समोर पसरतं. उजव्या हाताला ब्लांका शिखर, खाली नजर पोचेल तिथवर करड्या झुडपांचं माळरान. ही कॉस्टिला कौंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. इथे पाच एकरांचा तुकडा जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतो. थोडी शेती, चार कोंबड्या, सोलरची वीज असं स्वतःचं स्वतः भागवून राहायचं आमच्या दोघांच्या डोक्यात आहे, म्हणून जमीन बघायला गेलो होतो.

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्रीला काकांना फोन केला तर त्यांनी भाव विचारलाच नाही. "पाण्याचं काय?"

तिथेच गाडी अडली. कोलोरॅडोत जमीन तुमची झाली म्हणून पाणी तुमचं होत नाही. ज्याचा हक्क जुना, त्याला आधी पाणी. 35 एकरांपेक्षा लहान तुकड्यावर बोअरची परवानगी मिळाली, तरी बहुतेक वेळा ती फक्त घरातल्या वापरापुरती असते. त्या पाण्यावर भाजी लावायची नाही, कोंबड्यांनाही द्यायचं नाही! पावसाचं पाणी साठवायला साध्या घरांना 2016 साली मुभा मिळाली, तीही दोन पिंपांची, मिळून 110 गॅलन. म्हणजे साधारण सव्वाचारशे लिटर. आणि पाऊस पडतो वर्षाला सात-आठ इंच. आमचा दुष्काळी तालुकाही यापुढे श्रीमंत वाटावा.

उंची जवळपास आठ हजार फूट, त्यामुळे पिकं जाळणारं गोठलेलं दव पडत नाही असे दिवस जेमतेम तीन महिने. टोमॅटो विसरा, बटाटा, बार्ली, वाटाणा म्हणा. मला ते चालेल. कोंबड्यांचं पाणी पिकअपमध्ये टाकी ठेवून गावातून आणणं मात्र नाही चालणार.

खुद्द सॅन लुईस गावात मात्र मी घरी आल्यासारखा रमलो. कोलोरॅडोतलं हे सर्वांत जुनं गाव, 1851 मध्ये वसलेलं. न्यू मेक्सिकोतून आलेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांनी पुढच्याच वर्षी पाट खोदला, आणि राज्यातला सतत वापरात असलेला सर्वांत जुना पाणीहक्क त्या पाटाचा आहे. पाटाला ते 'असेकिया' म्हणतात. पाणी वाटून देणारा 'मायोर्दोमो' म्हणजे आमच्या पांझरा नदीवरच्या फडातला, म्हणजे सामाईक पाटावर भिजणाऱ्या शेतांतला, पाटकरीच. दरसाल सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, हेही तसंच. गावाला सामाईक गायरानसुद्धा आहे, त्याला 'वेगा' म्हणतात.

तेव्हा माळावरच्या पाच एकरांवर आम्ही फुली मारली. पाटाखालचा एखादा तुकडा, लहान का होईना, पण पाण्याच्या हक्कासकट, मिळतो का ते बघतोय. त्याला पैसे बरेच जास्त लागतील. बायको म्हणते, आधी हक्काचे कागद वकिलाला दाखवू, मग जमिनीवर पाय ठेवू.

काकांचं एकच म्हणणं: विहीर वैशाखात बघावी. इथला वैशाख म्हणजे जानेवारी, पारा शून्याखाली वीस-पंचवीसवर. तेव्हा पुन्हा जायचं ठरवलंय, रात्रीच्या मुक्कामाला.