राक्षसाचं सुतक

अंगातला टी-शर्ट मागून धरून डोक्यावर ओढायचा, पण काढायचा नाही. गळ्यातून फक्त चेहरा दिसला पाहिजे. कपाळ, कान, केस सगळं आत. मग मान नाहीशी होते आणि खांदे थेट डोक्यापासून सुरू झाल्यासारखे दिसतात. दोन्ही हात पुढे करून डुलत डुलत चालायचं, की झालात तुम्ही जमिला. जपानमध्ये पोरांनी वर्षानुवर्षं हा उद्योग केला आहे. शर्टांचे गळे सैल झाले म्हणून त्यांच्या आयांनी किती धपाटे घातले असतील, देव जाणे.

मी माझ्या आठ वर्षांच्या भाचीला हे करून दाखवलं. माझं पोट उघडं पडलं तेव्हा ती मनसोक्त हसली. मग म्हणाली, "मामा, हा जमिला म्हणजे कोण?" तिथे माझी पंचाईत झाली. कारण ज्याची नक्कल करून आम्ही खिदळत होतो, त्याची गोष्ट हसण्यासारखी अजिबात नाही.

'अल्ट्रामॅन' ही मालिका जपानी टीव्हीवर १९६६-६७ साली झाली. एकूण ३९ भाग. दर आठवड्याला एक अजस्र प्राणी, जपानीत काइजू, कुठून तरी उगवणार. विज्ञान-पथकाची माणसं त्याच्यावर गोळ्या झाडणार. आणि शेवटी चांदीसारखा चमकणारा चाळीस मीटर उंचीचा अल्ट्रामॅन येऊन त्याला लोळवणार. तोही पृथ्वीवर जेमतेम तीन मिनिटं टिकतो, म्हणजे समजूत घालत बसायला वेळच नाही. थोडक्यात, प्राणी मेलाच पाहिजे. अर्ध्या तासाचा करारच तसा आहे.

तेविसाव्या भागातला जमिला मात्र मुळात माणूस. अंतराळवीर. यान भरकटून तो पाण्याचा थेंब नसलेल्या एका ग्रहावर अडकला. ज्या देशाने पाठवलं त्याने अपयश झाकायला त्याला तिथेच सोडून दिलं. तहानेत जगता जगता त्याचं शरीर बदललं, कातडी भेगाळलेल्या मातीसारखी झाली, आणि एक दिवस तो सूड घ्यायला पृथ्वीवर परतला. पॅरिसच्या मुख्यालयातून आलेला अधिकारी पथकाला सांगतो, हा माणूस होता हे गुपित ठेवा, राक्षस म्हणूनच संपवा. पथकातला इदे, एरवी विनोदी पात्र, ऐकून हादरतो. पण पुढे जमिला एका गावाला आग लावतो तेव्हा हाच इदे त्याच्यावर ओरडतो की, तुझ्यातलं माणसाचं काळीज मेलं का रे? आणि तो आडदांड प्राणी क्षणभर थबकतो.

त्याला मारतात ते पाण्याने. पाण्यावाचून ज्याचा राक्षस झाला त्याच्यावर अल्ट्रामॅन हातातून पाण्याचा फवारा सोडतो. जमिला चिखलात कोसळतो, तडफडतो, समोरच्या देशोदेशींच्या झेंड्यांकडे सरपटत जातो. त्याची किंकाळी हळूहळू तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखी होत जाते. इथे दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी घाई करत नाही. बघणाऱ्याला तो बघायला लावतो. मला विचाराल तर मुलांच्या कार्यक्रमात इतका वेळ मरण दाखवायला छाती लागते.

आपल्याकडे असुराला निदान मरताना काही मागता येतं. कोल्हासुराने शेवटच्या क्षणी गावाला आपलं नाव मागून घेतलं, म्हणून कोल्हापूर, असं सांगतात. जमिलाला काहीच मागता येत नाही, त्याची वाचाच गेलेली. त्याच्या नावाचा स्मृतिदगडही त्याला मारणाऱ्यांनीच बसवला. 'मानवजातीच्या स्वप्नांसाठी आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी झिजलेला वीर' अशा अर्थाची भाषा त्यावर कोरली. इदे त्या दगडाशी एकटा उभा राहून म्हणतो, बळी गेलेल्यांच्या वाट्याला नेहमी हेच येतं, शब्द तेवढे सुंदर.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तहान लागली होती ना त्याला? मग आधीच पाणी का नाही दिलं?" मी तिला चहाला चल म्हणालो.

माझ्या पिढीचं जपानी रडणं वेगळ्याच मालिकेचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जॉनी सोक्को अँड हिज फ्लाइंग रोबॉट' लागायचं. शेवटच्या भागात रोबो पहिल्यांदाच जॉनीचं, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पोराचं, ऐकत नाही. खलनायक सम्राट गिलोटिनला कवटाळून तो आकाशात जातो आणि परत येत नाही. खाली जॉनी मनगटावरच्या घड्याळात हाका मारतोय. मी शेजाऱ्यांच्या दाराआड उभा राहून रडलो. त्यांच्या आजी म्हणाल्या, "अरे वेड्या, पत्र्याचं आहे ते." पत्र्याचं होतं हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याने काय होतंय?

स्फोटाचं एक बरं असतं. 'कामेन रायडर' या दुसऱ्या जपानी मालिकेत नायकाची लाथ बसली की राक्षस धडाम फुटतो. मागे काही उरत नाही. प्रेत नाही, मग सुतक नाही. नायक हात झटकून मोटरसायकलवर बसायला मोकळा. अल्ट्रामॅनच्या लेखकांना मात्र अधूनमधून सुतकाची आठवण व्हायची. पस्तिसाव्या भागात विज्ञान-पथक चक्क श्राद्ध घालतं. आजवर मारलेल्या काइजूंचे फोटो, उदबत्त्या, समोर सूत्रपठण. ऐकायला गंमत वाटते, पण ज्या देशात मोडक्या सुया तोफूच्या मऊ वडीत टोचून त्यांचे आभार मानतात, तिथे हे फारसं विचित्र नाही. हायाता, म्हणजे माणसाच्या वेशातला खुद्द अल्ट्रामॅन, त्या वेळी मारलेल्यांची मनातल्या मनात माफी मागतो. मोठ्याने मागायची त्याला सोय नाही.

त्याच भागात सीबोझू येतो. हाडांचा सापळाच म्हणा. तो राक्षसांच्या स्मशानातून चुकून खाली पडलाय आणि त्याला परत जायचंय. उंच इमारतीवर चढून आकाशाकडे बघत केविलवाणा ओरडतो. अल्ट्रामॅन त्याला मारत नाही, रुसलेल्या पोराला शाळेत नेऊन बसवावं तसा रॉकेटबरोबर परत धाडतो. म्हणजे या जगात आधीच मेलेल्यालाच दया परवडते!

सगळ्यात जड भाग त्या मालिकेतला नाही, १९७१ च्या 'रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन'मधला आहे. लेखक शोझो उएहारा, ओकिनावाचा. नदीकाठच्या झोपडीत म्हातारा होऊन राहणारा एक परग्रहवासी आणि त्याने सांभाळलेला अनाथ मुलगा. गावातले लोक पोराला परग्रहवासी समजून छळतात; त्याने शिजवलेली पेज उलथतात, त्याला गळ्यापर्यंत मातीत गाडतात. शेवटी जमाव येतो आणि पोलिसाच्या गोळीने म्हातारा मरतो. त्याने अडकवून ठेवलेला काइजू मोकळा होतो, तेव्हा तीच माणसं ओरडत सुटतात, वाचवा, मारा त्याला! नायकाला क्षणभर जागचं हलावंसंच वाटत नाही. मग भर पावसात तो लढतो, पण ती लढाई बघताना टाळी वाजवावी असं कुणालाही वाटणार नाही.

या भागात मला काइजूपेक्षा पाव लक्षात राहिला. बेकरीवाली पोराला पाव विकत नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तिची मुलगी त्याच्या मागे पळत जाऊन पाव हातात देते. पोरगं म्हणतं, मला कीव नको. ती म्हणते, कीव कसली, विकतेय. आमची पावाची बेकरीच आहे ना.

परवा भाची पुन्हा आली तेव्हा मी शहाणपणाने 'अल्ट्रामॅन'मधला गॅवाडॉन या काइजूचा भाग लावला. पोरांनी पाइपवर खडूने काढलेलं चित्र जिवंत होतं. उपद्रव म्हणाल तर एवढाच, की ते भर शहरात आडवं पडून घोरतं. अल्ट्रामॅन येतो तेव्हा पोरं त्यालाच ओरडतात, तू परत जा! तो गॅवाडॉनला उचलून आकाशात नेतो, ताऱ्यांत ठेवतो, आणि वचन देतो की दरवर्षी ७ जुलैला, तानाबाता या ताऱ्यांच्या जपानी सणाच्या रात्री, तो तुम्हाला दिसेल. त्यावर एक पोरगं विचारतं, आणि त्या दिवशी पाऊस पडला तर?

भाची खिडकीकडे बघायला लागली. डोंबिवलीत ७ जुलैला कधी तारे दिसल्याचं मला आठवत नाही. तसं मी तिला सांगितलं नाही. ती मात्र कॅलेंडर काढून पानं उलटत बसली होती.