आधी पुठ्ठा, मग चित्र

सोमवार

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला अल्बमच्या वेष्टनाचा प्रकल्प सुरू झाला. कलाकार विद्यार्थ्यांनी निवडायचा, आणि कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथं राहिले, त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीचं नाव इथल्या घराघरांत आहे. हलगी-घुमकं आणि शाहिरी तर जत्रेत, शिवजयंतीला आजही ऐकू येते. एका गटानं पोवाडे घेतले. बारा इंची एलपी (लाँग प्ले तबकडी) आणि सोबत पोवाड्यांच्या शब्दांची पुस्तिका. निवड चांगली आहे, कारण शाहिरीत शब्द वाचावेसे वाटतात आणि पुस्तिकेला खरं काम मिळतं.

पहिली स्केचेस मात्र ठरलेल्या वाटेनं गेली. भगवी पार्श्वभूमी, मागे किल्ला, मधे तलवार, पुढे डफ उंचावलेला शाहीर. चौकातला डिजिटल फलक बारा इंचांत कोंबल्यासारखा. वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या राहिल्या होत्या. रेखाटन कच्चं नव्हतं. अडचण वेगळीच होती. फलक लांबून, चालता चालता बघतात. कव्हर हातात घेतात, उलटतात, कडेवरचं नाव वाचतात, आत हात घालून तबकडी काढतात. या हालचालींचा विचार एकाही कागदावर नव्हता. सगळ्यांनी फक्त दर्शनी चौकोन रंगवलेला.

ॲलेक्स स्टाइनवाइस १९३८ साली कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये रुजू झाला, आणि १९४० पासून त्याच्यामुळे तबकड्यांच्या साध्या वेष्टनांवर चित्रं आली, एवढं विद्यार्थ्यांना माहीत असतं. १९४८ साली एलपी आली तेव्हा तिच्यासाठी घडीचं पुठ्ठ्याचं जॅकेट तयार करण्यातही तोच होता, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही. चित्र आणि घडी एकाच टेबलावर ठरली होती.

म्हणून या आठवड्यात संगणक बंद. आधी पुठ्ठा.

मंगळवार

मापं लिहून ठेवतो, दरवर्षी तेच प्रश्न येतात.

एलपी तबकडी सुमारे ३०२ मिलीमीटर व्यासाची. कागदी आतल्या पाकिटासह ती सहज आत-बाहेर व्हावी म्हणून जॅकेट ३१५ बाय ३१५. एका तबकडीला ३ मिलीमीटर कणा (दोन पानांमधली अरुंद कडा) पुरतो, पुस्तिका घालायची तर ४. आडव्या मांडणीत, छापील बाजू वर धरली तर, डावीकडे मागचं पान ३१५, मग कणा ४, मग दर्शनी पान ३१५. एकूण ६३४. मागच्या पानाला वर आणि खाली १८ मिलीमीटरचे चिकटपट्टे, म्हणजे उंची ३५१. पट्ट्यांची टोकं तिरकी कापायची, नाहीतर घडी घातल्यावर कण्यापाशी पुठ्ठा पुठ्ठ्यावर चढतो आणि कोपरा फुगतो. हे पट्टे आत वळतात आणि दर्शनी पानाच्या आतल्या बाजूला चिकटतात. उजवी बाजू उघडी राहते, तिथून तबकडी निघते.

दोन्ही बाजूंचं ३ मिलीमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छापील कड) धरलं की रुंदी ६४०. आता गंमत बघा. १८ बाय २५ इंची शीटची लांब बाजू ६३५ मिलीमीटर. पाच मिलीमीटरनं सगळं हुकतं. १९ बाय २६ च्या मशीनवर मात्र ६६० मध्ये ६४० बसतं आणि दोन्ही कडांना कापण्याच्या खुणांपुरती जागा उरते. मशीन कोणतं हे चित्र काढण्याआधी विचारायचं असतं ते यासाठी. छपाईवाल्यानं ‘कणा कमी करा की’ म्हटलं तर ऐकायचं नाही. पुस्तिका आत गेल्यावर कण्याची कडा पोटासारखी सुटते.

विद्यार्थ्याला ऑफसेटवर प्लेटा काढणं परवडत नाही. पाच प्रतींसाठी १३ बाय १९ इंची डिजिटल प्रिंटच घ्यावा लागतो, आणि त्यात पूर्ण जॅकेट मावत नाही. उपाय म्हणजे दोन तुकडे. पहिल्या शीटवर दर्शनी पान, कणा आणि पुढे १२ मिलीमीटरची चिकटवायची पट्टी: ३१५ अधिक ४ अधिक १२, म्हणजे ३३१. हे ४८३ मिलीमीटरच्या बाजूला आरामात बसतं. दुसऱ्या शीटवर मागचं पान आणि त्याचे दोन पट्टे, उंची ३५१. मागचं पान त्या १२ च्या पट्टीवर बसवलं की जोड कण्याच्या मागच्या कडेशी येतो आणि समोरून दिसत नाही. जोड कण्याच्या मधोमध आणला तर पहिल्या चार वेळा उघडण्यातच तो सुटतो.

शीटची अरुंद बाजू ३३० असली तरी मशीन कडेला चार-पाच मिलीमीटर कोरी सोडतं. म्हणून ३१५ ला इथं ब्लीड दोन्हीकडे दोन-दोनच धरायचं आणि कापणाऱ्याला तसं सांगायचं.

बुधवार

आज ग्रेन. या एका गोष्टीपायी निम्मे डमी (नमुन्याची जॅकेटं) वाया जातात.

कागदाचे तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. त्यांना समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घडी फुटते. ओळखायची रीत सोपी: पुठ्ठ्याचा हातभर तुकडा एका बाजूनं ओल्या बोळ्यानं पुसायचा. तो वळून नळी होऊ लागतो, त्या नळीची लांबी ज्या दिशेला तीच ग्रेनची दिशा. पातळ कागद नुसता फाडून बघितला तरी कळतं. ग्रेनच्या दिशेनं सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा.

जॅकेटमध्ये ग्रेन कण्याला समांतर हवी. आता कालच्या दोन तुकड्यांकडे परत बघायचं. दर्शनी शीटवर कणा ३३० च्या बाजूला समांतर येतो, मागच्या शीटवर उभी दिशा ४८३ च्या बाजूला येते. म्हणजे पहिल्या तुकड्याला आखूड ग्रेनचं शीट लागतं आणि दुसऱ्याला लांब ग्रेनचं. एकाच गठ्ठ्यातली दोन शीटं वापरली की पुढचं पान उभं वाकतं आणि मागचं आडवं, आणि मग दोष डिंकाला दिला जातो. पुठ्ठा २५ बाय ३६ च्या मोठ्या शीटमधून स्वतः उभं बसून कापून घेतला तर दोन्ही प्रकार एकाच शीटमधून निघतात.

वरच्या-खालच्या पट्ट्यांची घडी ग्रेनला आडवीच पडणार, त्याला इलाज नाही. तिथं गडद सपाट रंग टाळायचा. डिजिटलचा टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. घडीवर तडकला की काळ्यात पांढरी रेघ दिसते. फिक्या रंगात तडकला तरी डोळ्याला जाणवत नाही. क्रम नेहमी असा: छपाई, लॅमिनेशन (वर प्लॅस्टिकचा पातळ थर), क्रीज (घडीसाठी दाबून पाडलेली खाच), मग घडी. क्रीजचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला आला पाहिजे. नवखी मुलं तो बाहेर ठेवतात, कारण खाच बघून ‘इथून मोडायचं’ असं वाटतं.

क्रीजच्या खाचेची रुंदी साधारण पुठ्ठ्याच्या जाडीची दीडपट अधिक खाच दाबणाऱ्या पट्टीची जाडी. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड ०.३ मिलीमीटरच्या आसपास, क्रीजिंगची पट्टी ०.७, म्हणजे खाच १.१५ मिलीमीटरच्या जवळपास. त्याच वजनाचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स) बोर्ड जास्त फुगीर असतो, त्याला खाच रुंद लागते. जीएसएम म्हणजे जाडी नव्हे, हे फळ्यावर लिहून ठेवलंय.

गुरुवार

कोऱ्या पुठ्ठ्याचे डमी तयार झाले आणि चर्चा आपोआप बदलली. हातात धरल्यावर गटाच्याच लक्षात आलं की जॅकेट उघडताना सगळ्यात आधी उजव्या कडेवर अंगठा येतो. म्हणजे शाहिराचा चेहरा तिथं नको. तलवार आपोआप गेली, कुणी काढायला सांगितली नाही.

एलपीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं चांगली बसतात. त्याहून लांब पोवाडा दोन बाजूंत तोडावा लागतो, आणि तोडायचा तर चौक (पोवाड्याचा एक भाग) संपतो तिथंच. मागच्या पानावरची यादी चौकांप्रमाणे मांडली की ऐकणाऱ्याला तबकडी कधी उलटायची ते कळतं. श्रेयनामावलीत झीलकरी (शाहिराच्या मागे सूर धरणारे), ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज वाजवणारे सगळे नावानिशी हवेत. शाहिरीच्या जुन्या कॅसेटांवर झीलकऱ्यांना जागा क्वचितच मिळायची. कॅसेटच्या कार्डाचं दर्शनी पान जेमतेम ६५ बाय १०२ मिलीमीटर, हे एक कारण. इथं ती सबब नाही.

पुस्तिका ३०० बाय ३०० ची करायचा हट्ट सोडून द्यावा. जोडपान ६०० होतं, १३ बाय १९ वर बसत नाही. २३० बाय ३०० ठेवली तर जोडपान ४६०, ब्लीडसह ४६६, आरामात मावतं. पानं चारच्या पटीत. आतला कागद ग्लॉस आर्ट पेपरऐवजी १०० जीएसएमचा मॅपलिथो, कारण दिव्याखाली शब्द वाचायचे आहेत.

शुक्रवार

अक्षरांवर पूर्ण दिवस गेला, आणि जाणं भागच होतं.

४ मिलीमीटर कण्यावर दोन्हीकडे अर्धा-अर्धा सोडला की ३ मिलीमीटर हातात उरतात. इंग्रजी कॅपिटलं तिथं ऐटीत बसतात. ‘कोल्हापूर’ लिहिलं की वर ओकार, खाली ऊकार. त्यामुळे सहा पॉइंटच्या पुढे जाता येत नाही, आणि तेही जाड वजनात. बारीक शिरोरेषा गडद रंगातून पांढरी काढली तर शाई तिला गिळते. कण्यावर फिक्या पट्टीवर काळं अक्षर हाच सुरक्षित मार्ग, आणि काळं म्हणजे फक्त के १०० (नुसती काळी शाई). चार रंगांचं काळं लहान अक्षराला कधीच नको. रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं की अक्षराला लाल-निळी सावली येते.

इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, जोडाक्षरं सुटत असतील, तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय चालू करायचा आणि मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये घ्यायचा. मुक्ता, बालू हे फाँट मोफत आणि नीट बांधलेले आहेत, सरावाला उत्तम. शेवटी आउटलाइन केल्यावर (अक्षरांचे आकार झाल्यावर) आणखी एक सापळा असतो. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. त्यावर बॉर्डर दिली किंवा पारदर्शकता लावली की प्रत्येक जोडावर चिरा दिसतात. त्यातल्याच पाथफाइंडर साधनानं आधी सगळं एकजीव करायचं, मग बॉर्डर.

दर्शनी शीर्षकासाठी मात्र फाँट शोधत बसू नये असं माझं मत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी पडदे आणि सिनेमाची पोस्टरं रंगवली, त्या गावात शाहिराचं नाव हातानं लिहायला काय हरकत आहे? चपट्या ब्रशनं दुप्पट आकारात लिहायचं, १२०० डीपीआयवर काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करायचं आणि कडा फार गुळगुळीत करायच्या नाहीत.

शनिवार

उद्यमनगरात प्रुफं, म्हणजे नमुन्याची छपाई. पडद्यावरचा भगवा कागदावर विटकरी झाला. नेहमीचंच. ० सायन, ६० मॅजेंटा, १०० पिवळा इथून सुरुवात करावी. त्यात सायनचे पाच टक्के जरी चुकून राहिले तरी मळतो. मॅट लॅमिनेशननं रंग आणखी एक पायरी खाली बसतो, म्हणून प्रूफ लॅमिनेशनसकट बघायचं.

चिकटपट्ट्यांवर लॅमिनेशन नको. प्लॅस्टिकच्या थरावर फेव्हिकॉल धरत नाही; वाळल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सालासारखा निघतो. पूर्ण शीट लॅमिनेट झालंच असेल तर पट्टे पॉलिश पेपरनं घासायचे किंवा १२ मिलीमीटरचा दुहेरी टेप लावायचा. फेव्हिकॉल लावताना पातळ, कडेपासून तीन मिलीमीटर आत, आणि रात्रभर सपाट वजनाखाली.

पावसात एक वेगळीच अडचण. कोल्हापूरची जुलैची हवा पुठ्ठ्याची उघडी बाजू फुगवते, लॅमिनेट केलेली बाजू फुगत नाही, आणि जॅकेट लॅमिनेशनच्या दिशेनं वाटीसारखं वळतं. प्रती गठ्ठ्यानं प्लॅस्टिकमध्ये बांधून वजनाखाली ठेवाव्यात, सादरीकरणाच्या सकाळीच सोडाव्यात.

स्पॉट यूव्हीचा (ठरावीक भागावर चकाकीच्या थराचा) मोह सगळ्यांना होतो. पाच प्रतींना तो परवडत नाही. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर तांब्याच्या रंगाची शाई एका फ्रेमवर मारून देतात. डफाच्या कड्यापुरती ती पुरे. फाइलमध्ये तो थर स्वतंत्र, शंभर टक्के काळ्यात द्यायचा आणि अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे होईल हे धरूनच आकार ठेवायचा.

रविवार

मागचं पान तपासलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२अ: ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष लागतं. पाचपैकी एकाही गटानं ही जागा सोडलेली नाही. वर्तुळातला पी ध्वनिमुद्रणासाठी, वर्तुळातला सी चित्र आणि मजकुरासाठी, दोन्ही वेगळे लिहायचे. बारकोडला पूर्ण आकारात ३७ बाय २६ मिलीमीटर जागा लागते, ८० टक्क्यांच्या खाली आणायचा नाही, आणि भगव्यावर काळ्या रेघांऐवजी लाल रेघा तर मुळीच नकोत. स्कॅनरच्या लाल प्रकाशाला त्या दिसतच नाहीत. प्रकल्पात खोटा क्रमांक टाकण्यापेक्षा कोरा पांढरा चौकोन ठेवा, असं सांगितलंय.

तबकडीवरचं गोल लेबल १०० मिलीमीटरचं, मधलं भोक सुमारे ७. उद्या ते.