मारुती ८०० चं पोलं ब्रेक पेडल: मास्टर सिलिंडर निर्दोष सुटला, चोर दुसराच

मागचे व्हील सिलिंडर (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) नवे टाकले, ब्रेक ऑइलच्या लाइनमधली एअर काढली, तरी ब्रेकचं पेडल पोलंच. आधी नुसतंच खाली जायचं, मग रबरी चेंडूवर पाय दिल्यासारखं लागायचं. गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "मास्टर बदलून टाका." (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप.) गाडी १९९९ ची मारुती ८००, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेली, म्हणजे एक संशयित आपोआप कमी. (बूस्टरवाल्यांनी घाबरू नये. पेडल दाबून इंजिन चालू केलं की ते थोडं खाली जायलाच हवं.)

मास्टरची परीक्षा फुकटची आहे. पेडल एकसारख्या जोराने दाबून धरायचं. ते हळूहळू बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर आतले सील ऑइल मागे सोडताहेत. माझं जागचं हललं नाही. मास्टर सुटला.

मग हँडब्रेक ओढून पेडल दाबलं, तर ते बरंच वर आलं. म्हणजे मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ड्रमपासून लांब राहिलेत. हे अंतर ठरवणारे अ‍ॅडजस्टर गंजून बसले होते. ते सोडवले, साफ केले आणि ड्रम हाताने फिरवताना जेमतेम घासेल इतके शू जवळ आणले.

पेडल वर आलं, पण मऊपणा तसाच. लाइनमध्ये हवा असली तर भराभर पंप केल्यावर पेडल कडक होतं. इथे विशेष फरक पडेना. म्हणून चाकांकडे ऑइल नेणारे रबरी होज पाईप एकेक करून क्लॅम्पने दाबले. क्लॅम्प गुळगुळीत जबड्याचाच हवा, दातेरी पकडीने चांगला पाईपही जातो. पुढचा डावा बंद केला आणि पेडल टणक!

क्लॅम्प काढून पुतण्याला सीटवर बसवलं, मी पाईपाला बोटांचा वेढा दिला. "दाब." ब्रॅकेटजवळ, बारीक भेगा पडल्या होत्या तिथेच, पाईप बोटांखाली फुगला.

"काका, सोडू?"

"सोड. आता परत दाब." परत फुगला. कॅलिपरला (पुढच्या चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या भागाला) जायचा जोर पाईपच खात होता.

पुढचे दोन्ही होज जोडीनेच बदलले. एअर काढायला सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज साठलेला असतो. पेडल तळापर्यंत हाणलं की सील त्यावर घासून फाटतो. मग नवं काम निघतं.

निघालेलं ऑइल काळपट होतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत उतरते. घाट उतरताना पेडल मऊ पडून गार झाल्यावर सुधारत असेल, तर आधी ऑइल बदला.

आता ब्रेक वरच्या वर लागतो. मागच्या उजव्या ड्रमला मात्र काठाशी ओठ (झिजेने उरलेली कड) आलाय. टर्निंगला (लेथवर कातून सपाट करायला) द्यायचा की नवा घ्यायचा, हे आतला व्यास मोजल्यावर ठरवेन.