‘फाइल खराब झालीय’: आमची वाटचाल

लग्नसराईत लातूरच्या आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या काउंटरवर हार्डडिस्क आली की सोबत ठरलेलं वाक्य येतं: “दादा, फाइल खराब झालीय, उघडंना.” बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. आतला माल, म्हणजे कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत), वेगळाच असतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअरचं घोडं तिथं अडतं.

मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात ही भानगड नव्हती. फायरवायरची केबल लावायची, २५ एमबीपीएसने तासाला साधारण १३ जीबी उतरवायचे, संपलं. कटकट एकच, फील्ड ऑर्डरची. इंटरलेस चित्रात फ्रेमच्या आडव्या ओळी एकाआड एक अशा दोन भागांत येतात, तीच फील्डं. डीव्हीत खालचं फील्ड आधी, इंटरलेस एचडीत वरचं. दोन्ही एका टाइमलाइनवर घेताना हे उलटं लागलं की वरातीतली माणसं नाचताना थरथरतात. जुन्या कॅसेटी उतरवायला लोक आजही येतात, तेव्हा आधी हेच तपासावं लागतं.

मग सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ साली आणलेलं एव्हीसीएचडी हे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग फॉरमॅट आलं. कार्डावर फाइली मांडायची फॅट३२ पद्धत असते, तिला ४ जीबीहून मोठी फाइल चालत नाही; त्यामुळे ४ जीबीच्या आत फाइल तुटते, आणि ती नेमकी मंगलाष्टकांत तुटते. तुकड्यांच्या नुसत्या एमटीएस फाइली उचलून शेजारीशेजारी ठेवल्या तर जोडावर आवाज गळतो. कार्डातलं सगळं फोल्डर आहे तसं कॉपी करून मीडिया ब्राउझरमधून घेतलं की सॉफ्टवेअर तुकडे स्वतःच सांधतं.

त्या दिवसांत आमचा खाक्या होता, आलं की कन्व्हर्ट. तासन्‌तास मशीन अडकायची आणि दरवेळी चित्राचा थोडा कस जायचा. आता फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून कोडेक, बिट डेप्थ-क्रोमा (रंगाचा बारकावा, जसं १० बिट ४:२:२) आणि फ्रेम रेट मोड (सेकंदाच्या फ्रेम कायम की बदलत्या) पाहिल्याशिवाय कन्व्हर्टला हात लावत नाही.

ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर केलेलं एमकेव्ही असेल तर त्याच्याच फाइल मेनूत रीमक्सची सोय आहे. माल तोच, डबा बदलला. दोन तासांचं रेकॉर्डिंगही मिनिटांत एमपी४ होतं, चित्राला धक्का नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं असेल तर आत बहुधा ओपस या कोडेकमधला ऑडिओ असतो. अशा वेळी व्हिडिओ कॉपीवर ठेवून फक्त आवाज पीसीएम (न दाबलेला) करायचा. एवढ्यासाठी सगळं पुन्हा एन्कोड करणं म्हणजे चक्क वीज जाळणं.

सगळ्यात चिवट दुखणं मोबाइलचं. सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन घ्या. मंडपात उजेड कमी, म्हणून फोन ३० फ्रेमवरून गुपचूप खाली उतरतो, लाइट आला की पुन्हा चढतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. सॉफ्टवेअर मात्र सरसकट ३० धरून बसतं. सरासरी २९.९७ इतकी जरी निघाली तरी तासाला ३.६ सेकंद घसरतात. दोन तासांच्या कीर्तनाच्या शेवटी टाळकऱ्याचे हात आधी मिळतात आणि नाद सात सेकंदांनी येतो. आवाज कापून सरकवत बसू नका, पुढच्या पाच मिनिटांत तो परत सुटतो. हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट ३० आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’ निवडा, क्वालिटी आरएफ १६ ते १८ (आकडा लहान तितका कस जास्त), मग एडिटला घ्या. फोन ३० चा असताना २५ निवडलं तर फ्रेम गळून झटके बसतील. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘ऑटो एफपीएस’ शूटिंगआधीच बंद करा.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या १० बिट ४:२:२ एचईव्हीसी कोडेकचं गाऱ्हाणं वेगळं. फाइल उघडते, पण टाइमलाइन रडत चालते. आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडियाची कार्डं हा माल हार्डवेअरवर उलगडत नाहीत. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरचं अंगचं ग्राफिक्स उलगडतं. थोडे पैसे वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतात, त्यात ते ग्राफिक्सच नसतं. मशीन बदलणं परवडत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती हलकी नक्कल, करा. त्याऐवजी सगळं मूळ फुटेज डीएनएक्सएचडी या एडिटिंगच्या कोडेकमध्ये नेलं तर १०८०पी, २५ फ्रेमला १२० एमबीपीएस, म्हणजे तासाला ५४ जीबी लागतात. आठ तासांचं फुटेज ४३२ जीबी. तेवढी डिस्क कुणाकडे रिकामी असते?

खरोखर खराब म्हणावी अशी फाइल एकच: शूटिंग चालू असताना बॅटरी गेली किंवा कार्ड ओढलं. एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, ती राहून जाते. अशा कार्डावर पुढे एक फ्रेमही शूट करू नका. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली फाइल सोबत आणा. तिचा नमुना धरून अनट्रंकसारखं साधन बरंच काही परत जुळवतं.

शेवटी पेनड्राइव्ह. गावाकडच्या जुन्या टीव्हीला एच.२६४ कोडेक, ८ बिट आणि एएसी आवाज एवढंच झेपतं. त्यातल्या बऱ्याच टीव्हींना एक्सफॅट (फॅट३२ नंतरची मांडणी) दिसत नाही, म्हणून फॅट३२. म्हणजे पुन्हा ४ जीबीची अट, ८ एमबीपीएसला साधारण ७० मिनिटं. त्यामुळे तीन तासांचं लग्न आम्ही तीन फाइलींत देतो: हळद, लग्न, वरात.