नदीपात्रानंतरची खटखट

घाट उतरला की वाट कोरड्या नदीपात्रात शिरते आणि पुढे बराच वेळ गोल धोंड्यांवरूनच गाडी काढावी लागते. फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग अगदी कमी), पहिला गिअर, टायरमधली हवा कमी केलेली. हा टप्पा नीट पार पडला. पात्राबाहेर मातीच्या रस्त्याला लागलो आणि गाडीखालून खटखट सुरू झाली. कोरडी, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी. बारीक खाचखळग्यांवर जास्त, मोठ्या खड्ड्यात कमी. चालवणाऱ्याला ती पायाखालून येतेय असं वाटत होतं, शेजारच्याला डाव्या पुढच्या चाकातून.

या वाटेने जाणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की असा आवाज आला तर लगेच थांबा आणि चाकांचे नट पान्याने तपासा. ढिल्या चाकाचाही ठोका येतो, आणि तो दुर्लक्षिला तर चाक निखळू शकतं. मग स्टेअरिंगचे सांधे आणि बॉल जॉइंट हलवून पाहा. आमचं हे सगळं घट्ट होतं. गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर, म्हणजे स्किड प्लेटवर, दगड अडकलेला नव्हता, खाली टांगलेली स्टेपनी हलत नव्हती, सीटमागचा जॅक जागेवर होता. ही तपासणी थोडक्यात उरकते, पण कितीतरी गूढ आवाज इथेच संपतात.

आमचा न संपल्याने खरा शोध सुरू झाला. लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेल्या) गाडीत ठोका चासीच्या, म्हणजे त्या सांगाड्याच्या लोखंडातून धावतो, मागे आपटलेलं पुढे ऐकू येतं. त्यामुळे आवाज कुठून येतोय यावर वाद घालण्यापेक्षा तो नेमका कधी येतो हे पाहायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते ऐकायचं.

आधी वेग. २३५/७० आर १६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.३ मीटर जातो, म्हणजे ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला एकापेक्षा थोडं जास्त फिरतं. ॲक्सलवरच्या गिअरचं, म्हणजे डिफरन्शियलचं, प्रमाण चारच्या आसपास असेल तर प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) त्याच वेळात चार-पाच फेरे मारतो. ठोके वेगाबरोबर ठरावीक तालात वाढले, तर कोणती वस्तू फिरताना आपटतेय याचा अंदाज या हिशेबावरून येतो. आमच्याकडे सपाट जमिनीवर आवाजच नव्हता. त्यामुळे शाफ्टच्या सांध्यातले जॉइंट क्रॉस आणि बेअरिंग संशयितांच्या यादीत खाली गेले.

नंतर चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबून पाहिला. ब्रेकचा कॅलिपर किंवा पॅड सैल असेल तर दाबाखाली तो गप्प होतो. फरक नाही. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला, पुढचा-मागचा गिअर टाकून पाहिला. गाडी ओढ घेताना एकच ‘ठक’ आली असती तर क्रॉस, शाफ्टचा सरकता सांधा (स्लिप जॉइंट) किंवा इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगकडे वळलो असतो. तिथेही काही नाही. न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही खड्ड्यांवर खटखट तशीच. (ही चाचणी इंजिन चालू ठेवूनच करा. बंद इंजिनात पॉवर स्टेअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते.)

सगळ्यात जास्त सांगून गेली ती शेवटची चाचणी. रस्त्यावर एक आडवा ओंडका होता. त्यावरून अगदी संथपणे गाडी नेली आणि एक जण सुरक्षित अंतर ठेवून बाजूने ऐकत चालला. पुढची दोन्ही चाकं चढली, उतरली, आवाज नाही. मागची उतरताना ठक! डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारचं काम मुख्यतः दोन चाकं वेगवेगळी हलतात तेव्हा असतं. दोन्ही एकदम उचलली गेली की त्या बारला जोडणाऱ्या लिंक रॉडवर फारसा भार येत नाही. म्हणजे लिंकवरचा संशयही कमी झाला आणि शोध मागच्या ॲक्सलवर आला.

गाडीखाली जाताना घाई नको. सपाट जागा, हँडब्रेक, गिअर टाकलेला, चाकांना पुढून-मागून दगड, सायलेन्सर निवलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आम्ही गाडी चारही चाकांवरच ठेवली. आमची गाडी उंच असल्याने हे जमलं, आणि भाराखाली सांधे जसे बसतात तसेच दिसले. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट घट्ट होते, पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलच्या बुशात (सांध्यातल्या रबरी अस्तरात) टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून पाहिली तर तेही ठीक. मग उजवा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) हाताने हलवला आणि तोच आवाज आला. खालच्या डोळ्यातलं, म्हणजे पिन जाते त्या गोल कडीतलं, रबर एका बाजूने पार झिजलं होतं, पिनवर घासल्याची चकाकी होती. सगळीकडे धूळ बसलेली असताना एकाच ठिकाणी लोखंड चमकत असेल, तर तिथेच बघायचं. बारीक खाचांवर जास्त आवाज का, तेही उलगडलं: तिथे शॉकअप भराभर दिशा बदलतो आणि दर बदलाला ती मोकळी जागा ओलांडून आपटतो.

खात्रीसाठी शॉकअपचं खालचं टोक सोडून वर बांधलं आणि गाडी थोडी पुढे नेली. पूर्ण शांतता. हा प्रयोग पाट्यांच्या गाडीवरच करा. कॉइल स्प्रिंगच्या कित्येक गाड्यांत ॲक्सल किती खाली लोंबेल ते शॉकअपच रोखतो. तो सोडला तर स्प्रिंग जागेवरून निघू शकते.

जुन्या ट्यूबच्या पट्ट्या पिनवर घट्ट गुंडाळून डोळा त्यावर दाबून बसवला, रुंद वॉशर लावून नट आवळला. पुढचा रस्ता संथ गतीने आणि प्रत्येक थांब्यावर हात लावून बघत पार केला. डांबरी रस्त्यापर्यंत जोड टिकला, पण हा इलाज गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच.

नवीन शॉकअप जोडीनेच बसवा. पाट्यांचे किंवा सस्पेन्शनच्या आर्मचे चिकटवलेल्या रबराचे बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली बसताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

या वाटेला निघण्याआधी चारही शॉकअपचे डोळे टॉर्च लावून बघा, आणि महत्त्वाच्या नटांवर रंगाची सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की नट फिरला हे वाकून पाहताच कळतं. सोबत ट्यूबचा तुकडा, मोठे वॉशर, तार, टॉमी एवढं असू द्या. पार्ट-टाइम फोर व्हील (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर पात्र संपताच टू व्हीलला या. पकड असलेल्या जमिनीवर फोर व्हील राहिली तर शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि तोही धाडकन सुटताना आवाज करतो. थोडं सरळ मागे घेतलं की बहुधा तो सुटतो. चाक काढून लावलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.