टिकलीस तर चांगली घेऊ

परवा दुपारी जेवणं उरकली, भांडी आवरली आणि मोबाइल घेऊन जरा आडवी झाले. खूप दिवस मनात होतं की आता एक बासरी घ्यायची, शिकायची, बाकी काही नाही तरी एखादं भजन तरी. तर बासरी शोधायला गेले आणि पहिलाच प्रश्न आला, लेव्हल निवडा. बिगिनर किंवा प्रोफेशनल. दोनच गोल, मधलं काही नाही. आता मी पन्नाशीची बाई, गाणं ऐकून कान बऱ्यापैकी तयार आहे, राग ओळखताना दहातले सहा बरोबर येतात, पण बासरी म्हणाल तर हातात धरता येत नाही. मी कुठल्या गोलात बसते?

त्यात ‘प्रोफेशनल’ लिहिलेल्या वस्तूवर माझा मुळातच विश्वास नाही. हल्ली हेअर ड्रायर प्रोफेशनल असतो, सुरी प्रोफेशनल असते, आमच्या सोसायटीत एकीने प्रोफेशनल पोळपाट घेतलाय. ज्यांचं पोट त्या कामावर आहे त्यांच्या वस्तूवर असलं काही लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. आमच्या शिंप्याच्या कात्रीवर गंज आहे आणि मुठीला चिंधी गुंडाळलीय, आणि ती कात्री तो बायकोलासुद्धा हात लावू देत नाही.

बिगिनर मात्र ओळखीचा. आमचं सगळं लहानपणच त्या गोलात गेलंय. अण्णांचं एक वाक्य होतं आणि मला वाटतं त्या काळातल्या सगळ्याच वडलांना ते कुठूनतरी वाटून दिलं असावं, “आधी साधं घेऊ, टिकलास तर चांगलं बघू.” सायकल साधी, म्हणजे आत्तेभावाची जुनी. बॅडमिंटनची रॅकेट साधी, म्हणजे तारा इतक्या सैल की फूल मारलं की त्यातच अडकायचं. पेटी तर विकत घेणं लांबच, शेजारच्या काकूंची माळ्यावरची आणली, तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्या नाहीत, बोटाने उचलून काढायला लागायच्या. आणि समजा या सगळ्यातून कोणी चिवटपणे टिकलंच, तर तोपर्यंत दहावी आलेली असायची, आणि मग चांगलं काय, साधंही उचलून परत माळ्यावर.

दादाची बासरी अशीच. आम्ही तेव्हा सांगलीत होतो. गणपतीत बासरीवाले यायचे, खांद्यावर काठी, काठीच्या वरच्या टोकाला बासऱ्या खोचून केलेला हा एवढा झुबका, आणि स्वतः एक बासरी वाजवत गर्दीतून सावकाश चालायचे. सिनेमातलं गाणं असं वाजवायचे की पोरं मागे मागे निघायची. दादाने हट्ट करून घेतली एक. घरी येऊन फुंकतोय तर नुसती हवा. फू फू. आईने फुंकून बघितलं, मी बघितलं, अण्णांनी तर लाल होईपर्यंत फुंकलं आणि चक्कर आल्यासारखं झालं म्हणून खुर्चीत बसले. सगळ्यांचं मत पडलं की बासरीवाल्याने गंडवलं, त्याची स्वतःची बासरी चांगली आणि पोरांच्या गळ्यात मारायच्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन परत त्याच्याकडे. म्हणाला, ही नको, तुम्ही वाजवताय ती द्या. तो माणूस हसला. स्वतःची बासरी काखेत मारली, दादाची घेतली, शर्टाला पुसली आणि तेच गाणं तसंच्या तसं वाजवलं. वर हिंदीत म्हणाला, ये भी वही है बेटा. आम्ही आपले गुमान परत.

मग पंधरा-वीस दिवसांत दादाला फुंकर सापडली, कशी ते त्यालाही माहीत नाही, एकदम वाजायलाच लागली. अण्णा खूश. गल्लीत एक सर होते पेटी-बासरी शिकवणारे, त्यांच्याकडे घातलं. मी पण जायचे मागे, मला कोणी घातलं नव्हतं, पण सरांकडे शेंगदाण्याचे लाडू असायचे. सरांनी पेटीवर सा धरला, दादाला म्हणाले, वरची तीन भोकं बंद कर, फुंक. फुंकला. सा जमला. एक बोट उचल, रे. दुसरं उचल, ग. तर सरांनी असं तोंड केलं की दाढ दुखतीय. गंधार, म्हणजे तो ग, चढा. मग सगळी सहा भोकं बंद करून पंचम काढायला सांगितला, तर तो बसका. सर म्हणाले, बाळ, तुझं काही चुकत नाही, हिलाच येत नाही. दादा म्हणाला, पण तो बासरीवाला तर हिच्यावर सगळं गाणं वाजवतो! त्यावर सर जे बोलले ते मला अजून आठवतंय, कारण तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. म्हणाले, त्याच्या कानात सूर आहे, म्हणून ती कुठे चुकते ते त्याला ऐकू येतं, ओठ जरा आत-बाहेर फिरवून तो तिला सुरात आणतो, तुझा कान अजून व्हायचाय, तुला बासरीनेच खरं सांगायला पाहिजे.

म्हणजे बघा, ते दोन गोल खरं तर उलटे आहेत. सुरात नसलेली बासरी ज्याला येतं त्याला चालेल एक वेळ. ज्याला काहीच येत नाही त्यालाच चोख लागते, नाहीतर तो खोट्या गंधारावर वर्षभर घासत बसणार आणि पुढे तोच खरा वाटायला लागणार. सरांनी अण्णांना निरोप धाडला की एक बरी बासरी घ्या. अण्णांनी उलट निरोप धाडला की आधी याच्यावर टिकू दे. झालं. दिवाळी येईतो क्लास कायमचा बंद पडला.

आता बासरी बरी-वाईट कशाने होते, तर बांबू आणि कान, एवढंच. बांबू आसामकडचा, पातळ सालीचा आणि दोन पेरांमधलं अंतर लांबच लांब असलेला. आपल्याकडच्या जाड बांबूला ते जमत नाही. मग तो वाळवायचा, आणि लोखंडी सळया तापवून लाल करून भोकं पाडायची. मी एकदा एका कारागिराला हे करताना पाहिलंय. सळई टेकली की चर्रर्र आवाज, धूर, जळक्या बांबूचा गोडसर वास. मग तो फुंकून बघतो, पेटीशी ताडून बघतो (आता ट्यूनरचं अ‍ॅप असतं), परत सळई लावून भोक केसभर मोठं करतो. भोक मोठं केलं की सूर चढतो. पण केसभर जास्त झालं तर ते लहान करायची सोय नाही, मेण-बिण लावून डागडुजी होते तेवढी. जी नेमकी जमली ती चांगली म्हणून बाजूला काढायची, जी हुकली ती आपल्या काठीच्या झुबक्यात. यूपीत पिलीभीतला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्या झुबक्यातल्या कितीतरी तिकडच्याच असतात म्हणे.

लांबीचं प्रकरण आणखी वेगळं. मैफलीत जी ऐकतो ती बहुतेक वेळा पांढरी तीनच्या आसपासची, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी जिचा सा, चांगली अडीच फूट लांब. ही एवढी लांब बासरी रागदारीसाठी आणली पन्नालाल घोषांनी. आताच्या बांगलादेशातल्या बारिसालचे, जन्म 1911चा, 1960मध्ये गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. त्यांच्याआधी बासरी म्हणजे गुराख्याची, जत्रेची, गाण्याच्या बैठकीत तिला कोण विचारत होतं. त्यांनी ती लांब केली, खर्जात नेली, सातवं भोक पाडलं आणि चक्क ख्याल वाजवला. ती भारदस्त, जरा दमदार, छातीत घुमणारी बासरी आपण ऐकतो आणि घरी येऊन वीतभर पिपाणी फुंकतो, मग वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया, त्यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. 1957मध्ये कटक रेडिओवर नोकरी, मग मुंबई, सिनेमात भरपूर काम, नाव झालेलं. आणि सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेल्यावर बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे, का तर पहिल्यापासून शिकायची खरी तयारी आहे हे त्यांना दिसावं म्हणून. कल्पना करा, भरल्या बाजारात दुकान चालू असताना शटर ओढून परत बालवाडीत जाऊन बसायचं. त्या दोन गोलांपैकी कुठला दाबला असता त्यांनी त्या दिवशी?

असो. मी तर ठरवूनच टाकलं होतं की आता कमावती आहे, अण्णाही नाहीत विचारायला, सरळ मोठी पांढरी तीनची मैफलीवाली घ्यायची. पण आधी हात पुरतो का बघू म्हणून मागच्या वर्षीचं कालनिर्णय गुंडाळलं, रबरं लावली, नेटवरून मापं काढून स्केचपेनने सहा भोकं काढली. वरची तीन बोटं बसली. खालच्या हाताचं अनामिकेचं भोक काही केल्या येईना. बोटाची टोकं नाही, पेरं टेकवायची असतात म्हणे, तसंही करून बघितलं. करंगळीच्या बाजूला तळहात असा ताणला की पोळ्या लाटताना दुसऱ्या दिवशी कळ येत होती. मुलगा म्हणाला, आई, तू कॅलेंडर वाजवतीयस. शेवटी तिथे प्रोफेशनल-बिगिनर काही नाही, माझी अनामिका आखूड आहे, विषय संपला.

मग ओळखीतून एका बासरी करणाऱ्याचा नंबर मिळाला, त्याला फोन केला. त्याने लेव्हल विचारलीच नाही. विचारलं, हात केवढा आहे, वीत मोजून सांगा. आणि कोणाबरोबर वाजवणार, पेटीबरोबर का एकट्याच. मी म्हणलं, एकटीच. तर म्हणाला, पांढरी पाचची करून देतो, ती आखूड असते, पुरेल तुम्हाला, आणि आतून तेलाचा हात फिरवत जा, नाहीतर थंडीत तडकते. किंमत सांगितली ती काही हजारात होती. मी जरा विचार करून सांगते म्हणलं.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो मस्कतला असतो, आता रिटायर व्हायला आलाय. म्हणलं, दादा, मी बासरी घेतीय, चांगली, करून घेणार आहे. मला वाटलं खूश होईल, जुनं काही काढेल, सरांचा विषय निघेल. तर पलीकडून आवाज आला, “अगं एवढे पैसे कशाला घालतेस, आधी साधी घे कुठलीतरी. टिकलीस तर मग चांगली बघू.”

आणि हे अगदी अण्णांच्या सुरात, ‘बघू’ जरा लांबवून.

मी काही बोलले नाही. वहिनीच्या गुडघ्याचं विचारलं, ठेवला फोन. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला अर्धे पैसे पाठवून दिले. पंधरा दिवस म्हणालाय, पण पावसाळी हवेत बांबू नीट वाळत नाही हेही वर म्हणालाय, म्हणजे महिना धरून चालायचं.