देवाला 'झार' म्हणू पाहणारी बाई

१ नोव्हेंबर ही पोलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी. सकाळपासून ट्राम स्मशानभूमीच्या दिशेने भरून धावतात. फाटकाबाहेर शेवंतीच्या कुंड्या आणि 'झ्निच' म्हणजे झाकणाचे काचेचे दिवे विकायला मांडलेले असतात, आणि अंधार पडला की कबरींच्या रांगाच्या रांगा उजळतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला सर्वपित्री आठवते, ते अगदीच चुकीचं नाही. फरक एवढाच की इथे आता पितरांना पान वाढत नाहीत. पूर्वी वाढत.

ज्या विधीत वाढत, त्याचं नाव 'ज्यादी'. 'ज्याद' म्हणजे आजोबा, म्हातारा, आणि भिकारीसुद्धा. लिथुआनिया-बेलारूसच्या खेड्यांत लोक रात्री कबरस्तानाजवळच्या चॅपेलमध्ये नाहीतर एखाद्या ओसाड घरात जमत, खाणंपिणं मांडत आणि मेलेल्यांना बोलावत. चर्चच्या धुरीणांना हा प्रकार मोडून काढायचा होता, म्हणून तो चोरून होई. पोलंडचा महाकवी आदाम मित्स्किएविच याने हे आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलंय. ही नोंद ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

नाटकाचं नावही 'ज्यादी'च. दुसरा आणि चौथा भाग १८२३ साली आला, तिसरा १८३२ साली, आणि पहिला अर्धवटच राहिला. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष विधी आहे. दोन लहान मुलांचे आत्मे येतात, त्यांना मिठाई नको असते, मोहरीचे दोन दाणे हवे असतात. जिवंतपणी कडू असं काही चाखलंच नाही, म्हणून त्यांना स्वर्गाचं दार उघडत नाही. मागून एक निर्दयी जमीनदार येतो. ज्यांना त्याने उपाशी मारलं तेच आता पक्षी होऊन त्याच्या तोंडचा घास हिसकावतात. सगळं आपल्या गावाकडच्या भुताखेतांच्या गोष्टींसारखं. तिसरा भाग मात्र थेट राजकारणात शिरतो: रशियाच्या ताब्यातल्या विल्नियसचा तुरुंग, रशियन झारने डांबलेले पोलिश विद्यार्थी आणि त्यांच्यातला कवी कोनराद.

या कोनरादचं कोठडीतलं लांबलचक स्वगत म्हणजे पोलिश नटाची कसोटी. तो देवाशी भांडतो. लोक दुःखात असताना तू गप्प का, माणसांच्या मनांवरची सत्ता मला दे, मी त्यांना सुखी करून दाखवतो, असं म्हणतो. उत्तर येत नाही तसा त्याचा आवाज चढत जातो आणि शेवटी तो बोलून जातो की तू जगाचा बाप नाहीस, तू तर… इथे तो कोसळतो. शेवटचा शब्द सैतान पुरा करतो: "झार!" सगळं नाटक या एका न उच्चारलेल्या शब्दाभोवती फिरतं. देव आणि जुलमी सत्ता एकच की काय, हा प्रश्न राष्ट्रीय महाकवीनेच विचारून ठेवला, आणि तो शाळेत सक्तीने शिकवलाही जातो.

मंचावर ते शब्द कुणाच्या तोंडी आणि कुठल्या साली येतात यावर सगळं ठरतं. नोव्हेंबर १९६७ मध्ये काझिमिएश देय्मेक यांनी वॉर्साच्या राष्ट्रीय रंगमंदिरात हे नाटक बसवलं. कोनराद होते गुस्ताव होलोउबेक. मॉस्कोहून पोलंडला नुसते हरामखोर पाठवले जातात अशा अर्थाची एक ओळ मुळातच आहे. तिच्यावर टाळ्या पडू लागल्या. कम्युनिस्ट सरकारला ओळ खोडता येईना, कारण महाकवीची. मग प्रयोगच थांबवले. ३० जानेवारी १९६८ च्या शेवटच्या प्रयोगानंतर प्रेक्षक मित्स्किएविचच्या पुतळ्यापर्यंत मोर्चाने गेले. दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढलं, ८ मार्चला विद्यापीठात सभा झाली, लाठ्या चालल्या, आणि त्याच्या आडून सत्तेने ज्यूविरोधी मोहीम रेटली. हजारो ज्यूंना देश सोडावा लागला.

आता २०२१. त्याच्या आदल्या वर्षी, २२ ऑक्टोबर २०२० ला, घटना न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर दोष असला तरी गर्भपात घटनाबाह्य ठरवला होता. लाल विजेचं चिन्ह घेऊन बाया रस्त्यावर उतरल्या, आणि चर्चचा गर्भपातबंदीला पाठिंबा म्हणून काही जणी रविवारच्या प्रार्थनेत चर्चच्या आतही गेल्या. या पार्श्वभूमीवर क्राकुफच्या युलिउश स्वोवात्स्की रंगमंदिरात माया क्लेचेफ्स्का यांनी 'ज्यादी' केलं आणि कोनराद दिला दोमिनिका बेद्नार्चिक या अभिनेत्रीला. ती कुबड्यांवर येते आणि तेच स्वगत म्हणते. शब्द मित्स्किएविचचेच, पण आता देवाला जाब विचारणारी बाई आहे, त्यामुळे तो जाब स्वर्गापेक्षा बिशपांच्या दारात जाऊन पडतो.

मराठी माणसाला यातली एक मेख पटकन कळेल. पोलिशमध्ये भूतकाळी क्रियापद लिंगानुसार बदलतं, आपल्या 'मी गेलो', 'मी गेले'सारखं. बाईला कोनराद दिला की दिग्दर्शकाला ओळीओळीला ठरवावं लागतं: बाई पुरुषाचं क्रियापद बोलणार, की यमक मोडायची जोखीम घेऊन क्रियापद बदलायचं? इंग्रजी उपशीर्षकांत यातलं काहीच उतरत नाही.

क्राकुफ ज्या प्रांतात येतं त्या मावोपोल्स्काच्या शिक्षणप्रमुखांनी शाळांना हा प्रयोग न दाखवण्याचा सल्ला दिला. बाहेरून ही किरकोळ टिप्पणी वाटते, पण 'ज्यादी' सक्तीच्या पाठ्यक्रमात असल्याने शाळांच्या सहली हा अशा नाटकाचा हुकमी प्रेक्षक असतो. बंदी न घालता गल्ला आटवायची ही रीत. (झालं उलटंच, तिकिटांवर उड्या पडल्या.) फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांत सरकारने रंगमंदिराचे संचालक क्षिश्तोफ ग्वुखोफ्स्की यांना हटवण्याची प्रक्रिया सुरू केली. इथली बहुतेक मोठी रंगमंदिरं महापालिका, प्रांत किंवा मंत्रालयाच्या पैशावर चालतात, नट पगारी असतात आणि संचालक ठरावीक मुदतीसाठी नेमतात. मुदतीच्या आत काढायचं तर कायद्यात मोजकी कारणं आहेत, आणि 'नाटक आवडलं नाही' हे त्यात बसत नाही. म्हणून अशा वेळी फायलींमधून कारभारातल्या चुका वर येतात. ग्वुखोफ्स्की मात्र तेव्हा पदावर टिकले.

दुसरं हत्यार दंडसंहितेचं कलम १९६: पूजनीय वस्तूची किंवा स्थळाची जाहीर विटंबना करून धार्मिक भावना दुखावल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. ते गाजलं २०१७ मध्ये, वॉर्साच्या पोफ्शेख्नी रंगमंदिरातल्या 'क्लोंत्फा' (म्हणजे 'शाप') या नाटकामुळे. मूळ नाटक स्तानिस्वाव विस्प्यान्स्कीचं, १८९९ चं. गावात दुष्काळ पडतो, खापर फुटतं पाद्र्याच्या घरात राहून त्याची मुलं वाढवणाऱ्या बाईवर, पाद्री नामानिराळा. मूळ कथेतच स्त्रीवादाला पुरेल एवढा दारूगोळा आहे. दिग्दर्शक ओलिव्हर फर्लिच यांनी तो मजकूर जवळजवळ बाजूला ठेवून थेट पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पुतळ्याशी अश्लील प्रसंग दाखवला. बाहेर जपमाळा घेऊन लोक उभे, सरकारी वकिलांची चौकशी सुरू. आमच्या मते हा प्रयोग क्राकुफच्या तुलनेत कच्चा ठरतो. पुतळ्याची चर्चा इतकी झाली की दुष्काळातल्या त्या बाईबद्दल कुणी बोललंच नाही. क्राकुफमध्ये विरोधकांना मूळ शब्दांवर बोट ठेवता आलं नाही, आणि चर्चलाच नकोशा असलेल्या विधीवर उभं नाटक 'पवित्र' म्हणून वाचवायची पाळी त्यांच्यावर आली.

इथे येऊन असं काही बघायचं असेल तर: एकच नाटक रोज लागत नाही, महिन्याचं वेळापत्रक संकेतस्थळावर बघा, जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक पडदे बंद. इंग्रजी उपशीर्षकं ठरावीक प्रयोगांनाच असतात, 'नापिसी' हा शब्द शोधा. तिकिटं संपली असली तरी 'वेय्श्चुफ्का' विचारा. हे प्रयोगाच्या थोडं आधी खिडकीवर मिळणारं स्वस्त प्रवेशपत्र. जागा रिकामी राहिली तर बसायचं, नाहीतर पायरीवर. कोट 'शातन्या'त जमा करायचा, मांडीवर घेऊन बसलेलं चालत नाही. आणि 'ज्यादी'चा दुसरा भाग अनुवादात वाचून जा, तासाभराचं काम आहे. "सगळीकडे अंधार, सगळीकडे सामसूम, काय होणार, काय होणार?" हे त्यातलं पालुपद इथल्या प्रत्येकाला शाळेपासून पाठ असतं.